पंपाचा वॉशर

गेल्या वर्षी मे महिन्यात मी चार्ज दिला. शाळेत काम न केलेल्यांना हा काय प्रकार असतो ते सांगायला हवं. आपल्या ताब्यातली एकेक वस्तू रजिस्टरातल्या नोंदीशी ताडून दुसऱ्याच्या हवाली करायची आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. माझ्या ताब्यात ३३ वर्षं प्रयोगशाळा होती. १९९१ साली परिचर म्हणून लागलो, पुढं प्रयोगशाळा सहायक झालो आणि ५८ पूर्ण झाल्यावर घरी आलो. शिक्षण बारावी सायन्स. आटपाडी तालुक्यातली अनुदानित शाळा आहे, नाव लिहीत नाही. पोरं मला लॅबचे मामा म्हणायची. जुनी पोरं स्टँडवर भेटली की अजून तसंच म्हणतात.

डेडस्टॉक, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदीचं रजिस्टर, त्याचे तीन खंड आहेत. पहिल्याचं पुठ्ठं गेलेलं, म्हणून मी त्याला जुन्या नकाशाचं कापड लावलं होतं. चार्ज घ्यायला गणिताचे सर आले. आमच्याच शाळेचे माजी विद्यार्थी. माझ्या जागी नवीन माणूस आलेला नाही, त्यामुळं प्रयोगशाळा त्यांच्या गळ्यात. पोषण आहाराचं रजिस्टर आणि ऑनलाइन माहिती भरणं आधीपासून होतंच. मी पहिलं कपाट उघडून खंड पहिला, पान पहिलं काढलं. सर घड्याळाकडं बघत म्हणाले, "मामा, सही कुठं करायची तेवढं सांगा."

मी म्हटलं, "असं नको सर. एक तरी वस्तू चालवून बघा." आणि निर्वात पंप बाहेर काढला.

लाकडी पाटावर बसवलेला पितळी हातपंप. त्याच्या तबकडीवर काचेची हंडी ठेवायची, हंडीत विजेची घंटा. आठवी-नववीच्या ध्वनीच्या धड्यात ज्याचं चित्र असतं, तोच प्रयोग. घंटा वाजवायची आणि दांडा ओढून ओढून आतली हवा काढायची. आवाज हळूहळू बारीक होत जातो. घंटेचा टोला तर डोळ्यांना दिसत असतो, पण कानाला येत नाही. पहिल्यांदा बघणाऱ्या पोराचं तोंड त्या वेळी कसं होतं ते मी मोजून तीसेक वर्षं बघितलंय. मला त्याचा कंटाळा आला नाही.

हा पंप १९८९ चा. नोंदीपुढं शेरा आहे, 'केंद्र पुरस्कृत योजनेतून प्राप्त'. १९८६ चं शैक्षणिक धोरण आल्यावर दिल्लीनं १९८७-८८ पासून शाळांतलं विज्ञान सुधारायची योजना काढली होती. उच्च प्राथमिकला विज्ञानपेट्या आणि माध्यमिकला प्रयोगशाळेचं साहित्य असं तिचं स्वरूप. त्या लाटेत ही पेटी आमच्या माळावर येऊन पोचली. मी लागलो तेव्हा ती दोन वर्षं तशीच बांधलेली होती. कारण विचारलं तर आधीचे परिचर म्हणाले, "फोडली तर फुटंल."

पेटी मी उघडली. पंप चालला, पोरांनी बघितलं. चौथ्या वर्षी त्याचा रबरी वॉशर वाळून चिरला आणि पंपानं हवा धरणं सोडलं. पंप शेकडो रुपयांचा, वॉशर रुपया-दोन रुपयांचा. आता ऐका. पंप घ्यायला योजना होती, योजनेत रकाना होता, रकान्यात रक्कम होती. वॉशरला रकाना नव्हता. मुख्याध्यापकांकडं गेलो, ते म्हणाले मागणीपत्र द्या. दिलं. ते संस्थेकडं गेलं आणि संस्थेनं कळवलं की साहित्य शासनाचं आहे, दुरुस्तीची परवानगी आधी घ्या. पुढं त्या कागदाचं काय झालं ते मी विचारलं नाही. स्टँडजवळच्या सायकल दुकानात गेलो, फाटकी ट्यूब फुकट आणली, कात्रीनं गोल कापून बसवली आणि कडेला ग्रीस लावलं. पंप पुन्हा चालू.

तेव्हापासून माझं एक मत झालंय आणि ते काही केल्या हलत नाही. शाळेच्या विज्ञानाला सरकार पैसे देत नाही ही ओरड अर्धीच खरी आहे. पैसा वस्तूला मिळतो. तिच्या वापराला मिळत नाही. वापरली की ती झिजणार, फुटणार, संपणार, आणि झिजण्या-संपण्याला आपल्याकडं कुणी धनी नसतो.

रजिस्टर नीट वाचलं तर त्यात शाळेचा अख्खा इतिहास सापडतो. पहिल्या खंडात साठ-सत्तरच्या दशकातल्या नोंदी. तराजू, वजनपेटी, सांगाडा, चुंबकसूची, आणि पुढं देणगीदारांची नावं. गावानं धान्य गोळा करून शाळा काढल्याचा तो काळ, आणि तो या नोंदींत दिसतो. ऐंशीच्या दशकात वेतनेतर अनुदानातली खरेदी दिसते. हा शब्द बाहेरच्यांना माहीत नसतो. अनुदानित शाळेच्या मास्तरांचा पगार सरकार देतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण खडू, वीज, भाडं, दुरुस्ती, ॲसिड यासाठी वेगळं मिळतं ते वेतनेतर. पगाराच्या खर्चावर ठरावीक टक्क्यांनी ते काढतात. दोन हजारच्या दशकात ते बंद पडलं, आणि बऱ्याच वर्षांनी सुरू झालं ते पाचव्या वेतन आयोगाच्या पगारावर पाच टक्के या हिशेबानं. मास्तरांना सातवा आयोग लागला, ॲसिडच्या बाटलीला अजून पाचवाच. माझ्या रजिस्टराच्या दुसऱ्या खंडात त्या बंद काळाची पानं जवळपास कोरी आहेत. ओळी आखलेल्या, तारखेचा रकाना रिकामा. मधेच एकदा आमदार फंडातून आलेले संगणक, आणि एकदा माजी विद्यार्थ्यांनी दिलेले सूक्ष्मदर्शक.

बाहेरच्या लोकांना न समजणारी एक गोष्ट इथं सांगून टाकतो. २००९ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आलं तेव्हा आम्ही खूश होतो. नावातच माध्यमिक! त्यात एकात्मिक विज्ञान प्रयोगशाळा बांधायची तरतूद होती. शिवाय दरवर्षी शाळेला ५०,००० रुपये, आणि त्यातले २५,००० खास प्रयोगशाळेची उपकरणं दुरुस्त करायला, बदलायला आणि संपणारं साहित्य आणायला. म्हणजे माझा वॉशर पहिल्यांदाच दिल्लीतल्या कुणाच्या तरी डोक्यात आला होता. पण हा पैसा सरकारी शाळांचा. महाराष्ट्रातलं माध्यमिक शिक्षण उभं केलं ते संस्थांनी. कर्मवीरांनी १९१९ मध्ये रयत काढली तेव्हापासूनची ही रीत आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा असतात त्या बहुतेक चौथी-पाचवी, नाहीतर सातवी-आठवीपर्यंत. आठवी-नववी-दहावीची बहुतांश पोरं संस्थांच्या अनुदानित शाळांत. योजना आखणाऱ्यांच्या नजरेसमोर जी सरकारी हायस्कुलं असतील, ती दुसऱ्या राज्यांतली. आमच्या वाट्याला परिपत्रक आलं, पैसा आला नाही.

२०१८ ला तीच योजना समग्र शिक्षात गेली. आता पटावर ठरणारं संयुक्त शाळा अनुदान असतं. १०० ते २५० पटाला ५०,०००, हजाराच्या वर १ लाख. हेही सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांना. शेजारच्या गावचे जिल्हा परिषदेचे गुरुजी माझे मित्र आहेत. मी एकदा म्हणालो, "तुमचं बरं आहे, तुम्हाला मिळतं." ते म्हणाले, "मिळतं. त्यात दहा टक्के स्वच्छतेला, मग वीजबिल, मग रंग, मग छत गळतं ते. मग उरतं ते विज्ञानाला, म्हणजे भिंतीवरचा सूर्यमालेचा तक्ता." त्यांचीही चूक नाही. आठवीपर्यंतच्या शाळेत काय काय असावं याची यादी शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात आहे. खोल्या, पाणी, स्वच्छतागृह, वाचनालय, खेळाचं साहित्य. प्रयोगशाळेचं नाव त्या यादीत नाही.

आता डेडस्टॉकबद्दल थोडं. 'डेड' हा शब्द ज्यानं घातला तो फार दूरदृष्टीचा माणूस असणार.

वस्तू एकदा त्या रजिस्टरात चढली की ती खाली उतरवणं महाकठीण. फुटली, गंजली, तरी ती कपाटात पाहिजे. काढून टाकायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा. यादी, समिती, ठराव, सह्या, आणि वर मंजुरी. १९९४ मध्ये अकरावीच्या पोराच्या हातून ब्युरेट फुटली, टायट्रेशनला द्रावण थेंबाथेंबानं मोजून सोडायची काचेची नळी. पोरगं मेंढपाळाचं, रडायलाच लागलं. मी त्याला म्हणालो, जा, माझ्या हातून फुटली असं सांगतो. सांगितलं आणि त्या महिन्यात माझ्या पगारातून पैसे गेले. तक्रार नाही माझी, पैसे काही फार नव्हते. पण त्या वर्षी उरलेल्या ब्युरेटी मी पोरांच्या हातात द्यायला कचरलो, हे मला आज कबूल करावंसं वाटतं. सरांनी एका ब्युरेटीवर टेबलाजवळ करून दाखवायचं आणि पोरांनी लांबून बघून रीडिंग उतरवून घ्यायचं. सगळ्यांची रीडिंगं सारखी. बाहेरून परीक्षक आले की तेही काही बोलत नाहीत, कारण त्यांच्या शाळेत तेच चालतं.

मास्तर आळशी, पोरांना रस नाही, अशी कारणं लोक शोधतात. असतीलही. पण कपाटाला कुलूप लागतं ते बहुधा भीतीनं. वस्तू वापरली नाही तर कुणी विचारत नाही, फुटली तर विचारतात. अशी व्यवस्था असेल तर शहाणा माणूस काय करेल? आमच्याकडं १२ सूक्ष्मदर्शक होते. तपासणीला साहेब आले की बाराही टेबलावर, खाली पांढरं कापड. साहेब गेले की पेटीत. पेटीतच भिंगांना बुरशी धरली आणि निर्लेखन झालं नाही, त्यामुळं बुरशीसकट ते बाराच्या बारा अजून जिवंत आहेत. रजिस्टरावर.

संपणाऱ्या वस्तूंचं रजिस्टर वेगळं असतं, आणि तिथली मजा निराळी. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, लागतं दहावीला. लोखंडी खिळा मोरचुदाच्या द्रावणात ठेवला की त्यावर तांब्याचा थर येतो आणि निळा रंग फिका पडतो. प्रयोगशाळेच्या शुद्धतेचं मोरचूद सांगलीहून आणायला एसटीचं भाडं घालवावं लागायचं. आणि आमचा भाग तर डाळिंबाचा. बोर्डो मिश्रणासाठी गावोगाव कृषी सेवा केंद्रात मोरचुदाच्या पिशव्या लागलेल्या असतात. मी तिथूनच किलोभर आणायचो. प्रयोग झकास व्हायचा. लेखापरीक्षणात मात्र आक्षेप निघाला: कीटकनाशक व बुरशीनाशक विक्रेत्याकडून शैक्षणिक साहित्याची खरेदी कशी? मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. मी मोरचुदाची पुडी, खिळा आणि पाण्याचा ग्लास घेऊन गेलो आणि लेखापरीक्षकांसमोरच खिळा बुडवला. चहा येईपर्यंत खिळा लाल झाला. साहेब हसले. आक्षेप काही मागं घेतला नाही.

काहीजण म्हणतील, मग काय, तुम्ही जुगाड करतच होता की. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून केवढं विज्ञान उभं केलं! मला त्यांच्याबद्दल नितांत आदर आहे. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे त्यांचे सांगाडे आम्ही केलेत. पण एका शिबिरात एक अधिकारी माइकवर म्हणाले की, बघा, विज्ञानाला पैसा लागतच नाही. तेव्हा मला उठून जावंसं वाटलं. काड्यांनी त्रिकोण पक्का का असतो ते कळतं. काड्यांनी टायट्रेशन होत नाही. गरिबाच्या पोराला कायम टाकाऊतलंच विज्ञान का?

चांदीची गोष्ट सांगतो, म्हणजे माझं म्हणणं नीट पोचेल.

क्लोराइडच्या परीक्षेला सिल्व्हर नायट्रेट लागतं. नावातच चांदी, त्यामुळं भावही चांदीचा. इवलीशी बाटली मागवायची म्हटलं की मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठी. मी एका बाटलीचं द्रावण पातळ करत करत तीन वर्षं पुरवलं होतं. शेवटी ते इतकं पातळ झालं की साका, म्हणजे क्लोराइड असलं की उठणारा पांढरा गाळ, दिसायचा नाही. सर पोरांना सांगायचे, "साका आला असं समजा." विज्ञानात 'असं समजा'!

आता आमच्या भागाचं वैशिष्ट्य सांगतो. विटा, खानापूर, आटपाडी इथला माणूस देशात कुठंही जा, सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या दुकानात सापडतो. दुष्काळानं घालवलेली माणसं. घरटी एक तरी जण केरळात नाहीतर पंजाबात भट्टीवर. २०१६ च्या दिवाळी सुट्टीनंतर एक माजी विद्यार्थी शाळेत आला, केरळात दुकान असलेला, लेकाचा दाखला न्यायला. माझ्याजवळ बसला. मी सहज सिल्व्हर नायट्रेटचं रडगाणं गायलं. तो म्हणाला, "मामा, आमचा तर रोजचाच धंदा आहे. नायट्रिक आहे का तुमच्याकडं?"

नायट्रिक होतं. दुसऱ्या दिवशी तो दहा ग्रॅम चांदी घेऊन आला. जुन्या मोडीतली, पण त्यानं स्वतः शुद्ध केलेली. मुख्याध्यापकांना विचारून अकरावीची पोरं मागच्या मोकळ्या जागेत लिंबाखाली बसवली. धूर निघणार, म्हणून वाऱ्याच्या उलट्या बाजूला आणि लांब. त्यानं चंचुपात्रात आधी पाणी घेतलं, मग त्यात बेतानं ॲसिड, मग चांदीचे तुकडे, आणि खाली मंद आच. तपकिरी धूर उठला. पोरं आवाज न करता बघत होती. हा माणूस दहावीला विज्ञानात कसाबसा पास झालेला. आणि तो आता सांगत होता, "द्रावण निळं व्हायला लागलं तर समजायचं तांब्याची भेसळ आहे. पाण्यासारखं स्वच्छ राहिलं तर माल चोख." आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडम वहीत लिहून घेत होत्या. मी खोटं सांगत नाही.

द्रावण स्वच्छ राहिलं. आटवून थंड केल्यावर तळाला पांढरे खडे बसले. दहा ग्रॅम चांदीचं पंधरा ग्रॅमच्या वर सिल्व्हर नायट्रेट होतं. ते का होतं हे मॅडमनी तिथंच पाटीवर मांडून दाखवलं आणि पोरांना अणुभार पहिल्यांदा कामाचा वाटला. खाकी बाटलीत भरून ठेवलं. माझ्या बोटांवर आठवडाभर काळे डाग होते.

खरी गंमत पुढं झाली. एका पोरीनं द्रावण करायला नळाचं पाणी घेतलं आणि बाटली दुधासारखी पांढरी झाली. ती घाबरली, तिला वाटलं चांदी वाया घालवली. मॅडम म्हणाल्या, थांब, का झालं असेल? आमच्या बोअरच्या पाण्यातच क्लोराइड. मग काय, दुसऱ्या दिवशी पोरं घरोघरचं पाणी बाटल्यांतून घेऊन आली. वस्तीवरचं बोअर, गावविहीर, टँकरचं, टेंभूच्या कालव्याचं. कृष्णेवरून उचलून आणलेलं ते पाणी. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी तुलनेला. १७ परीक्षानळ्या ओळीनं लावल्या. एकीत दूध, एकीत ताक, एकीत नुसतं धुकं, आणि बॅटरीच्या पाण्यात काहीच नाही. कालव्याचं पाणी धुक्याइतकंच. डाळिंबाच्या बागेला बोअरचं पाणी देणाऱ्या दोन पोरांचे बाप संध्याकाळी बघायला आले. एवढी गर्दी त्या प्रयोगशाळेत तपासणीच्या दिवशीसुद्धा झाली नव्हती.

त्या दिवशी खर्च झाला तो संपणाऱ्या वस्तूंचा. थोडी चांदी, थोडं ॲसिड, १७ नळ्या, त्यातल्या दोन फुटल्या. डेडस्टॉकमध्ये एका ओळीचीसुद्धा भर पडली नाही. त्यामुळं कागदावर त्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत काहीही घडलेलं नाही.

हे सगळं आता आठवायचं कारण, सध्या अटल टिंकरिंग लॅबची फार चर्चा आहे. २०१६ पासून नीती आयोगातर्फे शाळांना २० लाख मिळतात. त्यातले १० लाख उभारणीला आणि १० लाख पुढच्या पाच वर्षांपर्यंत चालवायला. अशा दहा हजार लॅब झाल्या. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी ५०,००० जाहीर झाल्या, पाच वर्षांत, सरकारी शाळांत. पुन्हा सरकारी, ते असो. अशी एक लॅब मी बघून आलोय. पोरं सेन्सर जोडत होती, ठिबकचा कॉक ओल बघून आपोआप बंद करत होती. छान वाटलं. चालवायला वेगळे पैसे आहेत हे तर फारच आवडलं, कुणीतरी शहाणा माणूस बसला होता म्हणायचा. मग मी तिथल्या सरांना विचारलं, पाच वर्षं कधी संपतात? ते म्हणाले, संपली. कोपऱ्यात त्रिमितीय प्रिंटर होता, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली. तार संपली होती, त्याच्या प्लॅस्टिकची. मला माझा वॉशर आठवला.

आणि माणूस? ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणीची पदं रिकामी होतील तशी संपवायची ठरली आणि त्याऐवजी शाळेला ठोक भत्ता. ग्रामीण भागात महिन्याला ५,००० रुपये. मी ज्या पदावर लागलो ते पद आता नाही. मी ज्या पदावरून निवृत्त झालो ते आहे, पण रिकामं. पाच हजारात सकाळी शाळा झाडणारा माणूस कसाबसा मिळतो. तो ॲसिडात पाणी ओतायचं नाही, पाण्यात ॲसिड ओतायचं, हे शिकून घेईल अशी अपेक्षा करू नये.

परवा एका शिक्षक पुढाऱ्यानं विचारलं, तुमची मागणी काय असेल? मी म्हणालो, स्मार्ट बोर्ड नको. मुलामागं वर्षाला ठरावीक रुपये फक्त संपणाऱ्या वस्तूंना द्या, अनुदानित-सरकारी असा भेद न करता, आणि जूनमध्ये द्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या पैशातून ३१ तारखेच्या आत जे मिळेल ते घेतलं जातं, आणि जे मिळतं ते कपाटात जातं. दुसरं, दरवर्षी काचेच्या दहा टक्के वस्तू फुटणार असं आधीच धरून चाला. फुटलेली काच दाखवली की मुख्याध्यापकांच्या सहीनं नोंद उतरली पाहिजे. आणि दुकान कुठलंही असो, मोरचूद मोरचूदच. ते म्हणाले, "दुसरा मुद्दा निवेदनात कसा लिहायचा?" मी म्हटलं, "'काच फुटते' असं लिहा." त्यांनी लिहिलं नसावं.

दहावीला विज्ञानाचे दोन पेपर, ४०-४० गुणांचे, आणि २० गुण शाळेच्या हातात. त्या वीसात बहुतेकांना अठरा-एकोणीस पडतात, नळी हातात न धरताही. मग कुणाला कशाची घाई? माझ्या काळातही पडायचे. मीच प्रयोगवह्यांवर शिक्के मारलेत.

तर चार्जच्या दिवशी सरांसमोर पंप चालवला. घंटा लावली, दांडा ओढला. आवाज कमी झाला, पण गेला नाही. माझा वॉशर पुन्हा सैल झालेला. सर म्हणाले, "आठवीत असताना तुम्ही दाखवलं होतं, तेव्हा पार बंद झाला होता." मी म्हटलं, "तेव्हा नवीन होता, वॉशर." त्यांनी सही केली.

परवा रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. मागं भांड्यांचा आवाज, बहुधा जेवण उरकून बसले असावेत. म्हणाले, "मामा, ध्वनीचा धडा सुरू करतोय सोमवारी. ट्यूब आणली, कापली, बसवली. हवा धरत नाही."

"कसली ट्यूब आणलीय?"

"मोटारसायकलची. घरी होती."

"ती जाड असते. सायकलची आणा, जुनी, मऊ पडलेली. आणि ग्रीस दोन्ही बाजूंनी."

"सायकलचं दुकान बंद झालं मामा स्टँडवरचं. मोबाइलचं झालंय तिथं."

माझ्या सायकलीची ट्यूब काढून ठेवलीय. सोमवारी पहिल्या तासाला जाईन म्हणतो.